आयोजकाची सही

वर्गात मी विचारलेला पहिला प्रश्न रस्ता धुण्याचा होता.

मॅडमनी भिंतीवर एक चित्रफीत लावली होती. स्पेनमधलं एक लहानसं गाव, माणसांनी चोंदलेली गल्ली, आणि सगळे एकमेकांना पिकलेल्या टोमॅटोंनी बदडतायत. घोट्याएवढा लाल चिखल. वर्षातून एकदा हा उत्सव होतो आणि त्यासाठी जगभरातून पाहुणे येतात, असं मॅडम सांगत होत्या. पुढच्या बाकावरचा मंडपवाला म्हणाला, "बाजार पडला असंल मॅडम. आमच्याकडं बी पडला की रस्त्यावरच ओतत्यात." वर्ग हसला. त्या हसण्याच्या आडून मी विचारलं, "मॅडम, संध्याकाळी रस्ता कोण धुतं?"

विचारलं आणि लगेच वाटलं, चुकलं. आठवीनंतर शाळा सुटलेल्या बाईनं रस्ता झाडण्यापलीकडे काय विचारावं, असं सगळे म्हणत असतील. पण मॅडम थांबल्या. "आगीच्या बंबांनी धुतात, असं वाचलंय. पण बंबवाल्यांना कोण बोलावतं, ते मलाही माहीत नाही. प्रश्न चांगला आहे." मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं: प्रश्न चांगला आहे. माझ्याबद्दल कुणी शिक्षकानं काही बरं म्हटल्याची ती एकुलती एक नोंद होती.

माझं गाव वैनगंगेच्या पल्याड, गडचिरोलीच्या वाटेवर. आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मी तिथं जायला लागले त्याच पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळली. रोवणीचे दिवस, भाताच्या बांधीत माणूस कमी. आठ दिवसांसाठी म्हणून शाळेतून उठले, ती पुन्हा गेलेच नाही. कुणी जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही कुणी म्हटलं नाही. शाळा अशी न सांगता सुटते. पुढं लग्न झालं, नवऱ्याला बारामतीच्या एमआयडीसीत काम लागलं आणि भात खाणारी मी बाजरीच्या भाकरीच्या मुलखात आले.

कन्हेरीच्या बाजूला एक कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथल्या स्वयंपाकघरात मला काम मिळालं. मालक तात्या आणि त्यांच्या घरच्या, ज्यांना आम्ही सगळे काकी म्हणतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून यायची. ऊस मोडायची, बैलगाडीत बसायची, म्हशीच्या कासेला हात लावून किंचाळायची. मी परातीतून मान वर करून बघत राहायचे. म्हशीची धार बघायला माणूस एवढ्या लांबून का येतो? परत जाताना खूश का असतो? मी काकींना एवढ्यांदा विचारलं की त्या वैतागल्या.

"मला काय ठावं? कॉलेजात रविवारचा कोर्स हाय त्याचा. जा की शिकायला."

"काकी, मी आठवी."

"मग? मुक्त विद्यापीठात आधी एक परीक्षा देत्यात आन् आत घेत्यात. तात्या, आणा फॉर्म."

अशी मी 'जागतिक पर्यटन आणि इव्हेंट उद्योग' या पदविकेला बसले. फॉर्म काकींनी भरला, फोटोसाठी साडी काकींची, रविवारी माझ्या वाटणीच्या भाकऱ्याही काकीच थापायच्या. हे सगळं फुकट जाईल या भीतीनं मी दर शनिवारी नीट जेवत नसे.

पुस्तक मात्र मी गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचलं. गावाएवढी जहाजं, ज्यांवर माणसं कुठं पोचायचं म्हणून चढतच नाहीत. पाण्यात वसलेलं एक शहर, जिथं पाहुणे इतके झाले की तिथल्या लोकांनी 'पुरे, आता येऊ नका' अशा पाट्या धरल्या. हे मी काकींना वाचून दाखवलं.

"पाव्हण्याला येऊ नको म्हणायचं? कसली म्हणायची ही माणसं!" काकी म्हणाल्या. मग भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. "पर सारखंच यायला लागली तर म्हणतीलच की."

तात्यांनी एकदा पुस्तक उघडून 'भागधारकांच्या अपेक्षा' असं प्रकरणाचं नाव वाचलं आणि विचारलं, "ह्ये कोणत्या कारखान्याचं?" कार्यक्रमाशी ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या सगळ्यांना पुस्तकात भागधारक म्हणतात, असं मी सांगितलं. "मग ह्यांच्या बी सभंत खुर्च्या फेकत असतील," तात्या म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी क्षेत्रकार्य होतं. आपल्या भागातला एक कार्यक्रम निवडायचा, तो कसा उभा राहतो ते बघायचं, फाइल करायची. फाइलला एक छापील प्रमाणपत्र जोडायचं. वर कॉलेजचा शिक्का, खाली दोन ओळी. पहिल्या ओळीत 'मुख्य आयोजकाचे नाव व सही', तिच्याखाली 'सहआयोजकाचे नाव व सही'.

"प्रत्येकाला एकच प्रत," मॅडम म्हणाल्या. "सही नसेल तर फाइल अपुरी आणि फाइल अपुरी असेल तर परीक्षेला बसता येणार नाही. मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी या शब्दाची मला धास्ती आहे. माझं पुढचं वर्ष कधी आलेलंच नाही. मी ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी तांदळाच्या डब्यात ठेवलं. तिथं ना ओल लागते, ना नवऱ्याचा हात.

मंडपवाल्यानं एक लग्न घेतलं. एका नर्सताईनं भिगवणकडचे पाहुणे पक्षी आणि ते बघायला येणारी माणसं घेतली. मला काही सुचेना. काकी म्हणाल्या, "माझ्या माह्यारची यात्रा घे. भैरवनाथाची. मी न्हेते तुला."

काकींचं माहेर इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या पुढं, नीरेच्या काठाला. यात्रेच्या दिवशी सकाळीच आम्ही पोचलो. मी नवी वही घेतली होती आणि पुस्तकातला तक्ता आखून नेला होता: काम कोणतं, कुणाकडे, कुणाच्या आदेशानं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. तिथं एक मंडळ असतं, मंडळाला अध्यक्ष असतो, तो सगळ्यांवर ओरडत असतो. त्यामुळं मी इथंही ओरडणारा माणूस शोधायला लागले. कुणी सापडेना. वेशीवर मोठा फ्लेक्स होता, त्यावर ओळीनं फोटो. त्यातलं एकही तोंड देवळापाशी दिसत नव्हतं.

"ह्यांच्यातलं कोण बघतंय सगळं?" मी एका बाईला विचारलं.

"त्ये व्हय? त्ये शुभेच्छुक हायेत," ती म्हणाली. "त्ये फकस्त फ्लेक्सवर असत्यात."

तरी कामं होत होती, तीही बिनबोभाट. देवळात एक बाई दिवटीला तेल घालत होती. मी वही उघडली. "मावशी, हे काम तुम्हाला कुणी दिलं?"

"सासूबाईंनी."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या सासूनं."

"आणि पहिल्यांदा?"

"अगं, मी काय तवा व्हते व्हय?"

'कुणाच्या आदेशानं' हा रकाना मोकळा राहिला. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. दिवटीचा मान एका घराकडे, विड्याचा दुसऱ्या, फुलांचा तिसऱ्या. ज्याचा मान त्यानं वेळेवर आपलं घेऊन हजर व्हायचं. कुणी फोन करत नव्हतं, कुणी यादी वाचत नव्हतं. धनगरवस्तीवरनं गजी ढोलाचा ताफा आला. त्यांचे म्होरके पिळदार मिशीचे मामा. त्यांना मी विचारलं, "मामा, एखाद्या वर्षी तुम्ही आलाच नाहीत तर?"

मामा खो खो हसले. "पोरी, आमी न्हाय आलो तर देवाला झोप लागंल की! त्यो काय उठतोय मग?"

अभिप्रायाचा कागदही भरून घ्यायचा होता. एका आजीपुढं बसून मी वाचलं, "कार्यक्रमाबद्दल आपण पूर्ण समाधानी, काहीसे समाधानी की अजिबात समाधानी नाही?" आजी म्हणाल्या, "औंदा सकाळच्या आरतीला खोबरं कमी उधळलं. लिव." मी लिहिलं. मला इतकी मजा कधी आली नव्हती. जगभरच्या मोठमोठ्या कार्यक्रमांना नियंत्रण कक्ष लागतो, पडदे लागतात, कानात बोळे घालून पळणारी माणसं लागतात, आणि इथं अख्खं गाव कुणीही न सांगता चालत होतं. हे कसं होतं, ते मला समजून घ्यायचं होतं. शिवाय सहीही हवी होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं मला वाटलंच नाही.

दुपारी पालखी देवळाबाहेर आणून ठेवली. पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान ज्यांच्या घराकडे, ते अण्णा पांढरा फेटा बांधून दांडीपाशी उभे होते. लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते. मला वाटलं, हेच. मी प्रमाणपत्र पुढं केलं आणि मुख्य आयोजक म्हणून सही मागितली.

"सही? करतो की," अण्णा म्हणाले. "आजवर कुणी मागितली न्हवती." पालखीच्या दांडीवर कागद टेकवून त्यांनी झोकात सही केली. माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता फक्त खालची ओळ.

तेवढ्यात नीरेवरून कावड आली. अनवाणी निघालेले दोन तरुण, खांद्यावर वाकलेला बांबू, दोन्ही टोकांना तांब्याच्या घागरी. कावड एकदा नदीवरून उचलली की वाटेत जमिनीला टेकवायची नाही, आणि तिचं पाणी पालखीच्या दांडीवर पडल्याशिवाय पालखी उचलायची नाही, हे मी सकाळीच वहीत लिहून घेतलं होतं. कावडीच्या घरचे आबा मुलांच्या पुढं चालत होते. पिंपळाखाली ते क्षणभर थांबले तशी मी गेले.

"आबा, इथं एक सही पाहिजे होती. सहआयोजक म्हणून."

आबांनी खिशातून चष्मा काढला. कागद लांब धरला, जवळ धरला.

"वर कुणाची हाय?"

"अण्णांची."

"आन् खाली मी."

"हो जी."

"वर मुख्य. खाली सह."

"हो जी," मी म्हटलं. आपलं काही चुकतंय हे मला अजूनही कळलं नव्हतं.

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पोरी, नीरेचं पानी पडल्याबिगर पालखी हलती का?"

"नाही."

"मग मी कुणाचा सह?" त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि मुलांकडे वळले. "थांबा रं. हितंच थांबा पिंपळाखाली. कावड टेकवू नका. पर पुढं बी जायाचं न्हाय."

मुलं थांबली. पुढून ढोल वाजत होते, कावड येईना तसे तेही हळूहळू थंडावले. पालखीचे खांदेकरी पिंपळाकडे बघायला लागले. कुणीतरी जाऊन विचारून आलं आणि मग बातमी गर्दीतून फिरली: कागद, सही, मुख्य, सह. जो तो मान वळवून माझ्याकडे बघायला लागला.

"कुठली ही?"

"विदर्भाकडनं आल्यालं पार्सल हाय. मले-तुले करतंय."

"माझ्याबरूबर आलीया ती," काकींचा आवाज आला. "काय बोलायचं आसंल तर मला बोला." त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. माहेरच्या देवाची पालखी आपण आणलेल्या बाईमुळं थांबली, हे त्या बोलल्या नाहीत, पण माझा हात त्यांनी फार घट्ट धरला होता.

पुस्तकात जोखीम व्यवस्थापनाचं एक अख्खं प्रकरण आहे. पाऊस, आग, चेंगराचेंगरी, वीज जाणं, गायक न येणं. फाइल करायला आलेली विद्यार्थिनी ही जोखीम त्यात कुठंच नाही. मी बघायला आले होते ती गोष्ट मीच बंद पाडली होती. पिंपळाखाली ती दोन मुलं कावडीचा खांदा बदलत होती. एकाच्या खांद्यावर बांबूचा लाल वळ उठलेला मला दिसत होता.

अण्णांकडे दोन-तीन वडीलधारी माणसं गेली. "अण्णा, जरा समजुतीनं घ्या," असं काही म्हणत होती. अण्णा म्हणाले, "म्या कुणाच्या दारात सही मागाया गेलो न्हवतो. आन् क्येलेली सही म्या खोडत नसतो." तेही खरंच होतं. त्यांनी सही खोडली तर ते खाली येणार, आबांनी केली तर आबा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि मधे माझा कागद होता.

तो कागद हीच माझी परीक्षा. हातातल्या प्लास्टिकमधून सहीची शाई दिसत होती. गप्प राहून काकींच्या मागं लपले असते तर कधीतरी कुणीतरी काहीतरी तोडगा काढलाच असता, आणि माझी एक सही तरी राहिली असती. एका सहीवर मॅडमनी कदाचित भागवूनही घेतलं असतं. हे सगळं मी मनात मांडून पाहिलं, खोटं कशाला सांगू. मग काकींचा हात सोडवून अण्णांकडे गेले.

"अण्णा, मी चुकले. मला इथली रीत माहीत नाही. मले हा कागद नको."

"नको म्हंजी?"

"तुमची सही खोडू नका. कागदच परत घ्या."

अण्णांनी कागदाकडे पाहिलं. "आन् खिशात घालू? ह्यांना भिऊन परत घ्येतला म्हणतील." फाडा असं मी म्हणणार होते, पण त्यांची सही त्यांनाच फाडा म्हणायला तोंड उघडेना. ढोलाचे मामा मागून म्हणाले, "अण्णा, ऊन कलतंय. पोरांचं खांदं बघा की."

अण्णांनी पिंपळाकडे पाहिलं. मग त्यांनी कागद प्लास्टिकमधून बाहेर काढला, चार घड्या घातल्या, आणि पालखीत देवाच्या मुखवट्यापुढं, झेंडूच्या फुलांत खोचून दिला.

"आता ज्याला आयोजक कोन हाय त्ये बघायचंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यानं पालखीत बघावं."

पिंपळाखाली आबा उठले. मुलांना नुसता हात केला. कावड आली, पाणी दांडीवर पडलं, ढोल एकदम फुटल्यासारखे वाजले आणि "नाथसाहेबांच्या नावानं चांगभलं" करत पालखी खांद्यावर गेली. खोबरं आणि गुलाल असा उधळला की मला समोरचं दिसेना. फुलांमधून माझ्या कागदाचं एक टोक काही वेळ दिसलं, मग गुलालानं तेही झाकलं. रिकामी प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात राहिली.

मी परत मागितला नाही. देवापुढचं सगळं दुसऱ्या दिवशी निर्माल्याबरोबर नीरेत सोडतात.

निघताना आबा काकींच्या माहेरच्या ओसरीवर आले. माझ्याकडे न बघता काकींना विचारलं, "त्या कागदाचं काय काम व्हतं गं?" काकींनी सांगितलं: परीक्षा, आठवी, रविवार, सगळंच. आबांनी ऐकून घेतलं. माझ्या हातात नारळाचं अर्धं भकल दिलं आणि गेले.

घरी नवऱ्यानं विचारलं, "मिळाली का सही?"

"मिळाली. देवाकडे आहे."

"देवाले कुठं परीक्षा द्यायची हाये?" तो म्हणाला. मग माझं तोंड पाहून त्यानंच चहा टाकला.

पुढच्या रविवारी मी फाइल मॅडमसमोर ठेवली आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी फाइल चाळली. मग खुर्ची ओढून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी उभीच.

"हे सगळं तू लिहिलंस?"

"हो मॅडम. शुद्धलेखन चुकलं असेल."

"चुकलंय. पण मी ते नाही विचारत." त्यांनी फाइल मिटली. "दुसरा फॉर्म मी अर्ज करून आणवते. पण त्यावर मुख्य आयोजकाची सही लागेलच. नियम आहे."

"पण मॅडम, मुख्य कुणीच नाही."

"ते मला पटतं. वर पाठवायचा कागद आहे, त्याला कसं पटवू?" त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी चार वाजता मी गठ्ठा बांधते. तोवर बघ."

मी काहीच बघितलं नाही. त्या गावात पुन्हा कागद घेऊन जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. काकींनी दोनदा विचारलं, "फोन लावू का आबांना?" मी दोन्हीदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला विचारलं नाही.

रविवारी दुपारी वर्ग सुटत होता. खिडकीतून तात्यांची जीप आत शिरताना दिसली. तिच्यातून फेटा उतरला, मग मिशा, मग चष्मा चाचपडणारे आबा. तिघं वर्गात आले आणि बाकांकडे बघत उभे राहिले.

"बसा ना," मॅडम म्हणाल्या. अण्णा, आबा आणि मामा अकरावीच्या पोरांच्या बाकात गुडघे दुमडून बसले.

"हिची परीक्षा आमच्यापायी अडली, आसं कळलं," आबा म्हणाले. "हिनं स्वतःचा कागद सोडला आन् पालखी हलली. आता कुठं सह्या करायच्या त्या सांगा. पर मुख्य आन् सह आसलं काय नको. त्ये न्हाय जमायचं."

मॅडमनी नवा फॉर्म बाहेर काढला आणि बराच वेळ बघत बसल्या. मग पेन उघडलं. 'मुख्य' हा शब्द खोडला. 'सह' खोडलं. दोन्ही ओळींवर नुसतं 'आयोजक' उरलं.

"छापील कागदावर खाडाखोड झाली, आता त्याच्याजवळ केंद्रप्रमुखांची सही लागेल. त्यांची झाली की मग माझी, मग तुमची."

"तुमची आधी न्हाय चालत?" मामांनी विचारलं.

"नाही. आधी सरांची. मी त्यांच्या आधी कशी करणार?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. "म्हंजी तुमच्यात बी हाय की."

मॅडम क्षणभर गोंधळल्या, मग त्याही हसल्या. सर सुट्टीवर होते, घरी फोन केला. जेवून येतो म्हणाले. तात्या घड्याळ बघून चुळबुळायला लागले, तर अण्णा म्हणाले, "थांबू की. मान हाय त्यांचा." आणि आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात मॅडमनी त्यांना इतकं काही विचारलं की माझी फाइल उथळ वाटायला लागली. कावडीच्या घरात एखाद्या वर्षी मुलगाच नसला तर? मान लेकीकडे जातो का? दोन भाऊ वेगळे झाले तर घागरी कशा वाटतात? आबा उत्तरं देत होते, अण्णा मधेच दुरुस्त करत होते, आणि मी पुन्हा वही काढली होती.

सर आले, खाडाखोडीजवळ सही केली. मॅडमनी केली. मग कागद बाकावर ठेवला. ओळी दोन, माणसं तीन. पेन कुणीच उचलेना.

"अण्णा, तू कर," आबा म्हणाले. "हितं काय पालखी न्हाय."

"न्हाय, तू वडील. तू कर."

"आरं कर म्हंतो ना."

"तुज्या आधी? मग गावात सांगशील सगळ्यांना."

मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. चारला दहा कमी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी हात लांब करून पेन घेतलं. "तुमचं व्हईस्तोवर पोरीचं वरीस जाईल," असं म्हणत त्यांनी दोन्ही ओळींच्या वर, जिथं काहीच छापलेलं नव्हतं तिथं, जाड अक्षरात सही ठोकली. अण्णा बघत राहिले. "ह्यो ढोल मधीच वाजतो बघा," ते म्हणाले आणि एका ओळीवर त्यांनी सही केली. दुसरीवर आबांनी. कोण आधी वाकलं, ते मी मुद्दामच पाहिलं नाही.

मॅडमनी फाइल गठ्ठ्यात घातली, मंडपवाल्याच्या लग्नाच्या आणि नर्सताईच्या पक्ष्यांच्या मधे. वरून पुठ्ठा ठेवला, दोरी दोनदा फिरवली. मागून तात्या "चल की आता, च्या घ्यू" म्हणत होते. मी गाठ बसेपर्यंत तिथंच उभी राहिले.